सीनाकाठच्या पांढरीखाली काय आहे, हे न खणता कळतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला तुमचं तीन एकर रान आहे, त्यात अर्ध्या एकराचं पांढऱ्या मातीचं टेकाड. नांगरताना खापरं आणि बांगड्यांचे तुकडे पहिल्यापासून निघतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात काठ खरवडला गेला आणि मोठ्या विटांची एक ओळ उघडी पडली. आबा म्हणतात, तिथं जुनं गाव होतं. चुलते म्हणतात, जेसीबी लावून टेकाड सपाट करू आणि ऊस लावू. त्यात कुणी 'जर्मन मशीन'वाला येऊन मोबाईलवर रंगीत चित्र दाखवून गेला, खाली सोनं आहे म्हणाला. न खणता खालचं कळतं का, कोणत्या यंत्राने कळतं, आणि कळलं तर सरकार जमीन घेतं का, एवढं तुम्हाला हवं आहे.

आधी त्या मशीनवाल्याचा निकाल लावू. सोनं चुंबकाला दाद देत नाही, त्यामुळे चुंबकीय यंत्राला ते दिसतच नाही. हातात धरायचा साधा धातुशोधक वीतभर खोलीवरचं नाणं सांगेल, पण पेंड बांधायची तार, बैलाच्या पायातली नाल आणि फाळाचा तुकडा यांवरही तो तितक्याच उत्साहाने वाजतो. दहा फुटांवरचा हंडा नेमका दाखवणारं यंत्र बाजारात नाही. असतं तर त्याचा मालक तुमच्या बांधावर कमिशन मागत उभा राहिला नसता. २०१३ साली उत्तर प्रदेशात उन्नाव जिल्ह्यातल्या दौंडिया खेड्यात एका साधूच्या स्वप्नावरून सोन्याची हूल उठली. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या यंत्रांनी जमिनीखाली काहीतरी वेगळं असल्याचं नोंदवलं, पुरातत्त्व खात्याने खणलं, देशभरचे कॅमेरे तिथं जाऊन बसले. सोनं काही निघालं नाही. पण यंत्र खोटं बोललं असं म्हणता येत नाही. 'इथली जमीन बाजूच्या जमिनीपेक्षा वेगळी आहे' एवढंच यंत्राला सांगता येतं. पुढचं सोनं माणसांनी जोडलं.

न खणता यंत्राने जमिनीखालचं बघायच्या आमच्या कामाची सगळी मेख इथंच आहे. कोणतंही यंत्र जमिनीखालची वस्तू दाखवत नाही, तिथल्या मातीतला फरक दाखवतं. भिंत आणि तिच्या भोवतालची माती यांच्यात फरक असेल तर भिंत दिसते, नसेल तर लाखो रुपयांचं यंत्र फिरवूनही नकाशा कोराच येतो. म्हणून यंत्र कोणतं, याच्या आधी माती कोणती आणि महिना कोणता हे विचारायचं. आपली सोलापूरची काळी या बाबतीत भलती खट्याळ आहे.

पण तुमच्याकडे काळीच्या मधोमध पांढरी आहे, ही निम्मी लढाई जिंकल्यासारखीच गोष्ट. काळीत शेती आणि पांढरीवर वस्ती, हा आपल्याकडचा जुना हिशेब. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची चुलीची राख, शेण, चुना, हाडं आणि पडलेल्या मातीच्या भिंती, यांचा थरावर थर. आबांना एवढं विचारा की पूर्वी धाब्याच्या घरावर टाकायला माती कुठून आणायचे, आणि खत म्हणून पांढरी कुठून कुठं ओढली. गावोगाव अशा टेकाडांच्या कडा बैलगाड्यांनी खाल्लेल्या आहेत. यंत्राच्या नकाशात तो कापलेला काठ एखाद्या तटासारखा सरळ दिसतो आणि नवखा माणूस लगेच 'तटबंदी सापडली' म्हणून उड्या मारतो. उलटही होतं. पांढरी पसरलेल्या लांबच्या रानात खापरं सापडतात, खाली मात्र काही नसतं. अलीकडे तलावातला गाळ शेतात पसरतात, त्यातूनही खापरं येतात. म्हणून खापर उचलून त्याच्या कडा बघा. कडा गोल झिजलेल्या असतील तर ते पाण्यातून लोळत आलं आहे. धारदार असतील तर ते तिथलंच, नांगराने अलीकडे वर काढलेलं असण्याची शक्यता जास्त.

विटांबद्दल. ४० सेंटिमीटरच्या आसपास लांबीची, जाड, हातात घेतल्यावर जड लागणारी वीट सातवाहन काळाकडे बोट दाखवते. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर, त्याच काळातलं मोठं व्यापारी गाव, तेव्हा सीनेकाठी तशी वीट निघाली तर नवल नाही. पातळ, लहान विटा बऱ्याच पुढच्या काळातल्या, गढ्या-वाड्यांच्या. मात्र नुसत्या विटेवरून काळ ठोकून देऊ नका. जुन्या विटा उपसून नव्या भिंतीत घालणं आपल्याकडे कायम चालत आलं आहे. विटेबरोबर कोणतं खापर आहे, तांबडं झिलईचं, काळं-तांबडं की चकचकीत काचलेपाचं, यावर जास्त भिस्त ठेवावी.

फुकटात होण्यासारखी आणखी दोन कामं. संगणकावर गूगल अर्थ उघडून जुन्या तारखांची चित्रं काढा. एप्रिल-मेमध्ये रान उघडं असतं तेव्हा पांढरीचा डाग किती लांब पसरलाय ते कळतं, आणि डिसेंबरात ज्वारी उभी असताना पिकाच्या रंगात पट्टे दिसतात का ते बघता येतं. दुसरं, भोवतालच्या रानांची नावं लिहून काढा. जुनं गाव, गढीचं रान, वेशीचं शेत. गावापासून लांब शेतात एकटाच मारुती किंवा आडवा पडलेला वीरगळ असेल तर तोही टिपा. वेशीवरचा मारुती जागचा हलत नाही, गाव उठून जातं.

आता यंत्रांकडे. तुमच्या रानासाठी पहिलं यंत्र चुंबकीय ग्रेडिओमीटर. सोलापूरच्या भागात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सुमारे ४० हजार नॅनोटेस्ला आहे (नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं बारीक माप). बुजलेला खड्डा त्यात जेमतेम दोन-पाच नॅनोटेस्लाची भर घालतो, भट्टी मात्र दहापट-शंभरपट. यंत्रात एकाखाली एक असे दोन संवेदक असतात आणि यंत्र त्यांच्यातली वजाबाकी नोंदवतं. दिवसभरात क्षेत्रात होणारी वाढ-घट दोघांनाही सारखीच लागते, म्हणून ती वजाबाकीत गळून जाते. जमिनीजवळचं जे असतं ते खालच्या संवेदकाला जास्त लागतं, तेवढं उरतं.

भट्टी इतकी ठळक का दिसते? मातीत लोहाची खनिजं असतात. त्यातलं मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की आपलं चुंबकत्व विसरतं आणि थंड होताना त्या वेळच्या पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा पकडून बसतं. भट्टीच्या भिंती जागच्या जागी तापतात आणि जागच्या जागीच थंड होतात, त्यामुळे सगळ्या मातीची दिशा एक होते आणि जोर साठतो. विटांच्या भिंतीचं तसं नाही. प्रत्येक वीट भट्टीत एका दिशेने भाजली गेली, पण गवंड्याने ती भिंतीत उलटीसुलटी कशीही बसवली. मग एकीचा जोर दुसरीने खाल्ला जातो आणि नकाशात भिंतीऐवजी तिखट-मीठ टाकल्यासारखा ठिपक्यांचा पट्टा येतो. तुमच्या काठावरची विटांची ओळ अशीच दिसेल, रेघ दिसली नाही म्हणून निराश होऊ नका. चुंबकाने भट्टी शोधायची सुरुवात १९५८ मध्ये इंग्लंडात वॉटर न्यूटन इथं मार्टिन एटकिन यांनी केली, रोमन काळातल्या कुंभारभट्ट्यांवर. आजही या यंत्राचं सगळ्यात खात्रीचं काम तेच.

तिकडच्या पुस्तकांतली चित्रं बघून इथं मात्र फसायला होतं. तिकडे खडूच्या पांढऱ्या जमिनीत खड्डा बुजला की त्यातली माती भोवतालपेक्षा कितीतरी जास्त चुंबकीय असते, म्हणून तो उठून दिसतो. आपली काळी माती आणि खालचा मुरूम दोन्ही बसाल्टचेच, म्हणजे काळ्या पाषाणाचेच, मुळातच चुंबकीय. खड्ड्याचा आवाज त्या गलक्यात बुडतो. त्यात काळ्या पाषाणाचा एखादा धोंडा स्वतःचंच जुनं चुंबकत्व घेऊन बसलेला असतो आणि नकाशात हुबेहूब चुलीसारखा दिसतो. पांढरीच्या राखट, चुनखडी मातीत हा गलका थोडा कमी, हे तुमचं नशीब.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी सॉफ्टवेअर शिकून आलेली पोरं हमखास विसरतात. आपण चुंबकीय विषुववृत्तापासून फार लांब नाही. इथं क्षेत्ररेषा जमिनीत उभ्या घुसत नाहीत, बऱ्याचशा आडव्याच जातात. त्यामुळे एका भट्टीचे नकाशात दोन डाग पडतात, एक धन आणि त्याच्या उत्तरेला एक ऋण, आणि ऋण डाग चांगलाच ठळक असतो. दोन भट्ट्या समजू नका, आणि खुणेची खुंटी नुसत्या गडद डागावर ठोकू नका. वस्तू त्या दोघांच्या हिशेबाने असते. शिवाय पूर्व-पश्चिम भिंत बरी दिसते, दक्षिणोत्तर भिंत फिकी पडते. चार भिंतींच्या खोलीच्या दोनच भिंती दिसल्या तर बाकीच्या दोन पडल्या असं लगेच लिहू नये.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगतो, म्हणजे कुणी येऊन अर्ध्या तासात 'झालं' म्हणाला तर तुमच्या लक्षात येईल. रानात २० बाय २० मीटरचे चौकोन आखतात, खुंट्या लाकडी किंवा प्लास्टिकच्या. एका एकरात असे दहा चौकोन बसतात. चौकोनात मीटर-मीटर अंतरावर सुतळ्या टाकायच्या आणि एकेक ओळ एकाच चालीने चालायची. पाव मीटरला एक नोंद धरली तर एकरात १६ हजार नोंदी होतात आणि पायपीट चार किलोमीटरची. अर्ध्या मीटरवर ओळी घेतल्या तर दुप्पट. खुणा बारीक असतील तर घ्याव्याच लागतात. चालणाऱ्याच्या अंगावर लोखंड नको. मोबाईल, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, बुटातली पट्टी, चष्म्याची दांडी, सगळं बांधावर ठेवायचं. पँटच्या चेनपासून सगळं तपासतात. यंत्र धरलेला माणूस ढेकळावर अडखळला की यंत्र तिरपं होतं आणि ती अडखळ नकाशात उमटते. एक ओळ जाताना, दुसरी येताना चालली तर चालीत पाव सेकंदाचा फरक पडला तरी ओळी करवतीच्या दात्यांसारख्या सरकतात. ते नंतर दुरुस्त करता येतं, पण दुरुस्त केलंय हे अहवालात लिहिलेलं असावं.

तुमच्या शेजारी द्राक्षबाग असेल तर लोखंडी अँगल आणि तारांपासून चांगलं लांब राहावं लागेल. बोअरचा केसिंग पाइप, मोटार, विजेचा खांब, ट्रॅक्टर, यांच्याभोवतीचा भाग वायाच जातो. ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या, त्यांचा त्रास नाही. हे चुंबकीय काम किती नाजूक ते यावरून बघा की मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हणताच कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली गेली, आणि तिथली इमारत बांधायला लोहविरहित दगड मुद्दाम पोरबंदरहून आणला.

दुसरं यंत्र विजेच्या रोधाचं, म्हणजे माती वीज किती अडवते ते मोजणारं. हे तत्त्व तुम्हाला ठाऊक आहे, कारण बोअर घ्यायच्या आधी सळया ठोकून, वायरी लावून पाणी बघणारे याच तत्त्वावर बघतात. (हातावर नारळ उभा करणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही.) ओली काळी वीज सहज जाऊ देते, रोधाच्या मापात पाच-दहा ओहम-मीटरच्या आतबाहेर. घट्ट काळा पाषाण शेकड्यांनी रोध दाखवतो. म्हणजे काळीत दगडी पाया असेल तर फरक भरपूर. पण बोअरवाल्याला बोलावून हे काम होणार नाही. तो एका जागी उभा राहून सळया लांब-लांब नेत खोल बघतो. आम्हाला वरचा मीटर-दीड मीटरच हवा असतो, पण मीटर-मीटरवर, सगळ्या रानभर. त्यासाठी अर्ध्या मीटर अंतराचे दोन टोकदार खिळे असलेली चौकट घेऊन फिरतात, उरलेले दोन खिळे लांब एका जागी रोवलेले. १९४६ मध्ये रिचर्ड एटकिन्सन यांनी इंग्लंडात डॉर्चेस्टरला पुरातत्त्वासाठी हे पहिल्यांदा वापरलं, तेव्हापासून तत्त्व तेच आहे.

या पद्धतीत महिना चुकला की सगळं चुकतं. आपल्याकडे पाऊस सालभरात साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरचा. पावसानंतर लगेच गेलं तर काळी चिखल, पाया आणि माती दोन्ही भिजलेले. एप्रिलनंतर गेलं तर रानाला भेगा. हात घालावा तेवढ्या रुंद भेगा मीटरभर खोल जातात, त्यांत हवा, आणि हवा वीज जाऊ देत नाही. मग नकाशात भिंती नाही, भेगाच दिसतात, आणि त्यांच्या जाळ्यात एखाद्या गावाच्या गल्ल्या शोधायचा मोह होतो. ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, वर कोरडं आणि खाली ओल असते. तेवढ्याच दिवसांत काम उरकावं. चुंबकीय यंत्राला ओलीचं काही सोयरसुतक नाही, पण त्याला चालायला सपाट रान लागतं. म्हणजे नांगरटीच्या आधी दोन्ही कामं एकाच आठवड्यात होतात.

भेगांचा आणखी एक परिणाम ध्यानात ठेवा. उन्हाळ्यात वरची माती आणि खापरं भेगांत पडतात, पावसाळ्यात माती फुगते आणि खालचे दगड-गोटे वर सरकतात. काळी स्वतःलाच नांगरत असते. म्हणून काळीतल्या वरच्या थरातल्या खापरांवरून थर लावायला जाऊ नये. पांढरी एवढी फाटत नाही, तिथले थर बरेच शाबूत राहतात. टेकाड जपायचं ते यासाठी.

जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारचं नाव तुम्ही ऐकलं असेल, बातम्यांत तेच असतं. राजस्थानच्या कोरड्या वाळूत ते छान चालतं. आपल्या चिकण काळीत लहर वरच्या हात-दोन हातांतच विरून जाते. पांढरीच्या माथ्यावर, ऐन उन्हाळ्यात, प्रयोग म्हणून दोन-चार ओळी मारायला हरकत नाही. काळीत त्यावर पैसा घालवू नका.

खोलीची मर्यादाही सांगतो. चुंबकीय यंत्राला बारीकसारीक खुणा वरच्या मीटर-दीड मीटरपर्यंतच दिसतात, मोठी भट्टी जरा खोल असली तरी चालते. नदीने आणून टाकलेल्या दोन-अडीच मीटर गाळाखाली वस्ती असेल तर वरून नकाशा स्वच्छ येईल. तुमच्या काठावर विटांची ओळ पुराच्या आधी किती खोल होती, ते दरडीच्या कापात टेप लावून आत्ताच मोजून घ्या. पुढच्या पावसाळ्यात तो काप राहणार नाही. त्या एका मापावरून यंत्र लावण्यात अर्थ आहे की नाही हे बऱ्यापैकी ठरतं.

आता चुलत्यांची खरी काळजी, सरकार जमीन घेतं का. नुसत्या सर्वेक्षणाने किंवा अर्जाने सातबारा बदलत नाही. राष्ट्रीय महत्त्वाचं स्थळ जाहीर करायचं तर १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याप्रमाणे केंद्राला आधी दोन महिन्यांची सूचना काढावी लागते आणि त्या मुदतीत हरकत घेता येते. तसं जाहीर झालंच तरी त्याच कायद्याच्या १९ व्या कलमात फूटभराच्या आतल्या मशागतीची शेती चालू ठेवायची मोकळीक आहे. बांधकामाला मात्र बंधन येतं, संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी. हे चुलत्यांपासून लपवू नका. माझ्या मते तुमच्या टेकाडासारखी बहुतेक ठिकाणं त्या यादीपर्यंत पोचत नाहीत, नोंद होऊन थांबतात. पुरातत्त्वीय उत्खनन मात्र जमीन स्वतःची असली तरी परवान्याशिवाय करता येत नाही. आणि नाणी किंवा दागिने निघाले तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. किमतीची मर्यादा त्यात अजून दहा रुपयेच आहे. गुप्तधनासाठी रात्री लिंबू-नारळ घेऊन कुणी आलाच, तर त्याच्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

उसाचा विचार या वर्षापुरता त्या अर्ध्या एकरातून काढा. उसाच्या सऱ्या आणि त्याआधी जमीन खोल फोडणारा सबसॉयलर फुटाच्या खाली जातात, ज्वारी-हरभऱ्याचा कुळव जात नाही. बाकीच्या अडीच एकरात ऊस लावला तरी माझी तक्रार नाही. जेसीबीने मात्र एका दुपारी टेकाड गेलं तर नंतर कोणतंही यंत्र आणून उपयोग नाही.

अर्ज राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाला करा, प्रत तहसीलदारांना द्या, आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागाला व सोलापूर विद्यापीठाला वेगळं पत्र पाठवा. यंत्रं तुम्ही विकत घ्यायची नाहीत, भाड्यानेही नाही; विद्यार्थ्यांच्या कामासाठी संस्थांना अशी रानं हवीच असतात. पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेने तमिळनाडूत कीळडीच्या उत्खननाआधी असं सर्वेक्षण केलं होतं, तेव्हा मोठ्या संस्थांचं दार ठोठवायला संकोच नको. अर्जाला सातबारा, गटाचा नकाशा, मोबाईलवरून घेतलेले अक्षांश-रेखांश, दरडीच्या कापाचा टेप धरून काढलेला फोटो आणि एका विटेची लांबी-रुंदी-जाडी जोडा. वीट उपसून काढू नका, जागेवरच मोजा. खापरं आत्तापर्यंत गोळा केली असतील तर ती धुऊ नका, कुठली कुठं सापडली ते पिशवीवर लिहून ठेवा. फेब्रुवारीत ज्वारी निघाली की धसकटं वेचून घ्या, एक हलकी पाळी मारून ठेवा, आणि आमच्यासारखं कुणी येऊन जाईपर्यंत नांगर घालू नका.